चार हात, एक काठी

"थांबा! दोरीला हात लावू नका!" चष्मीश ओरडली.

टेकडीच्या फाटकाशी तिघं भावंडं चिमट्यांनी फोटो टांगत होती. बेत सुट्टीच्या पहिल्याच दिवशी शिजला होता. एकाच वाटेने रोज चढणारी माणसं एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. मग मामाच्या कॅमेऱ्याने त्यांचे फोटो काढून इथे लावले, तर ओळखी होतीलच की!

"काय झालं? साप?" धाकट्या तुरतुरने टुणकन उडी मारली.

"काठी! सोमवारी पाववाल्या काकांच्या हातात, मंगळवारी नर्सताईंच्या, बुधवारी वकीलसाहेबांच्या आणि काल ग्रंथपालांच्या. माणसं चार, काठी एकच!"

"कशावरून एकच?" मामेभाऊ शंकासुर म्हणाला. त्याला ते नाव उगाच नव्हतं पडलं!

चष्मीशने चारही फोटोंवर भिंग धरलं. काठीच्या मुठीला काहीतरी पिवळं गुंडाळलं होतं आणि त्यावर बारीक काळे आकडे होते.

"माप घ्यायची टेप! चला, शिवणआजीकडे!"

शिवणआजी मशीनपाशी बसली होती. फोटो पाहताच तिचा पाय थांबला.

"माझीच गं बाई! फाटकाशी एका पोराच्या शर्टाला बटण लावत होते. काठी कुंपणाला टेकवली, दोरा तोडून मान वर करते, तर काठी गायब! पंधरा दिवस झाले, टेकडी चढले नाही."

"वर एवढं काय आहे, आजी?"

"नदीपलीकडे माझी धाकटी बहीण राहते. रोज आठाला ती गच्चीवर, मी टेकडीवर. दोघी रुमाल हलवतो."

"मग फोन करा की!" शंकासुर म्हणाला.

"करते रे. पण फोनवर रुमाल कुठे दिसतो?" आणि आजी हलकेच गुणगुणली,

"पल्याड बहिणीचं घर, मधे नदीचं गं पाणी,
रुमाल हलला वाऱ्यात, बोलल्या बहिणी दोनी."

चष्मीशचा चष्मा एकदम धुरकटला. तो पुसत ती उठली. "काठी आजच्या आज मिळालीच पाहिजे!"

ग्रंथालयात ग्रंथपाल पुस्तकं लावत होते.

"काठी? छे! मी कधी काठी घेतच नाही."

"काही हरकत नाही, काका," तुरतुर साळसूदपणे म्हणाला. "तुमचा फोटो फार रुबाबदार आलाय. फाटकावर मधोमध लावतो. हातातली काठी कुणाची, तेवढं खाली लिहायचंय."

ग्रंथपालांनी फोटो पाहिला. मग हळूच खिडकीकडे पाहिलं. खिडकीच्या फळीला टेकू म्हणून काठी ऐटीत उभी होती!

"अरेच्चा! कुंपणाला होती. मला वाटलं, सगळ्यांसाठीच ठेवलीय!"

पाववाले काका, नर्सताई, वकीलसाहेब, तिघांचंही उत्तर हेच! आणि चेहरेही तसेच ओशाळलेले.

दुसऱ्या सकाळी काठी वापरणारी ती चौघंही फाटकाशी हजर. आजीच्या हातात काठी आणि मागेपुढे ही वरात! आठ वाजता आजीने माथ्यावरून रुमाल हलवला. पलीकडे काहीच हललं नाही.

"पंधरा दिवस वाट पाहून ती..." शंकासुर बोलायला लागला. तुरतुरने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

आणि पलीकडच्या गच्चीवर पांढरं काहीतरी फडफडलं! रुमाल नव्हे, अख्खी चादर!

"वेडी कुठली!" आजी हसता हसता रडली.

"पोरांनो," ग्रंथपाल म्हणाले, "रोज समोरून जायचो आम्ही. ओळख मात्र तुम्ही करून दिलीत. शाबास!"

दोरीच्या मधोमध आता एक फोटो आहे. निळी नदी आणि तिच्यापलीकडे तांदळाएवढा पांढरा ठिपका. चढणारा प्रत्येक जण थबकून विचारतो, "हे काय?"

जो कुणी जवळ असेल तो सांगतो, "ती? आपल्या आजीची बहीण!"