चिंधाच्या खड्ड्याचं माप

आधीच सांगतो, हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. मी तिथे होतो. माप मीच घेतलं होतं.

वाचून शिव्या घालाव्याशा वाटल्या तर खुशाल घाला. फक्त खोटं आहे म्हणू नका. खोटं बोलायचं ते मी तेव्हाच बोलून बसलोय.

साल १९८८, मे महिना. ठिकाण सिल्वासाजवळ, खडोलीच्या पुढचा एक नाला.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारची होती.

नाशिकहून डिप्लोमा करून मी सरकारी खात्यात ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागलो होतो. जेमतेम चार महिने झाले होते. नाल्यावर पाझर तलाव बांधायचा होता, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जमिनीत मुरवायचं. आराखडा वरून आलेला. कंत्राट झुंबरशेठचं. मजूर नंदुरबारकडचे.

बांधाला लागणारी माती तलावाच्या पोटातूनच खणायची. एका जोडप्याला दहा बाय दहाचा एक खड्डा. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता तसाच सोडायचा. त्याच्या डोक्यावर जमिनीवरचं जुनं गवत असतं. खुंट जेवढा उंच, तेवढा खड्डा खोल. बाकी काही मोजायची गरज नाही.

काही मजूर लबाडी करायचे. खुंटावर माती थापायची, वर गवत बसवायचं, की झाला खड्डा फूटभर जास्त खोल!

आमचे मोठे साहेब मला रोज टोमणा मारायचे. "मजूर तुला टोपी घालतात रे."

मला कुणाला तरी पकडून दाखवायचं होतं.

कुणालाही.

त्या दिवशी सकाळी अकराला मी चिंधाच्या खड्ड्यावर गेलो. चिंधा तिशीचा, कमी बोलणारा. बायको तानूबाई घमेलं भरत होती. बाकीच्यांचे खुंट दोन फुटांवर होते. चिंधाचा तीन फूट.

"वर माती थापलीस," मी म्हणालो.

"नही साहेब. खुंट खरा शे. गवतनी मुळी देखा ना."

बघायला एक मिनिट लागलं असतं. मी बघितलं नाही. मुकादम सुकदेवला सांगून, सगळ्या मजुरांसमोर, खुंटाचा वरचा फूटभर भाग छाटायला लावला.

"हा झाला दोन फूट. संध्याकाळपर्यंत अजून एक फूट खण. नाहीतर दोघंही चालते व्हा."

छाटलेलं ढेकूळ माझ्या बुटापाशी येऊन पडलं.

गवताच्या मुळ्या त्यातून आरपार गेल्या होत्या. थापलेल्या मातीत मुळ्या अशा जात नाहीत.

खुंट खरा होता. मला ते अकरा वाजून पाच मिनिटांनी कळलं.

मी ढेकूळ पायाने बाजूला सारलं आणि झाडाखाली बसून चहा प्यायलो.

खाली कडक मुरूम होता. कुदळ आपटली की ठिणगी उडायची. झाडाखाली मला आवाज येत होता.

धप्प... धप्प... धप्प...

दोन वाजता आवाज थांबला.

चिंधा खुंटाला पाठ टेकून बसला होता. डोळे उघडे. अंग तव्यासारखं तापलेलं. तानूबाई त्याच्या तोंडात पाणी घालत होती आणि ते बाहेर येत होतं.

पंचनाम्यात आजारपण लिहिलं गेलं. नाल्याकाठी त्याला माती दिली. खुंट खरा होता, हे मी कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी...

धप्प.

सगळ्या मजुरांचे हात थांबले. आवाज चिंधाच्या खड्ड्यातून येत होता. मी धावत गेलो. आत डोकावलो आणि आवाज बंद.

आत कुणीच नव्हतं. काठावर तानूबाई बसली होती.

खुंट मात्र... तीन फूट होता. छाटलेल्या जागी पुन्हा गवत होतं. मे महिन्यात, हिरवंगार.

चौथ्या दिवशी चार फूट.

सुकदेव माझ्या कानाशी लागला. "सर, खड्डा रोज खोल होतोय. पण माती कुठे जातेय?"

कुठेच नव्हती. आजूबाजूला एक ढीग नाही. त्या संध्याकाळी निम्मे मजूर बिऱ्हाड उचलून पळाले.

पाचव्या दिवशी तानूबाईने मला वाटेत गाठलं. रडत नव्हती. चिंधा अजून खणतोय, म्हणाली.

"साहेब, तो खनी ऱ्हायना. तुम्ही खोटं माप सांगं ना, म्हनीसन. आते सगळास्ना समोर खरं माप सांगा. मंग थांबी तो. सुटू द्या त्याले."

"सांगतो," मी म्हणालो. खरंच सांगणार होतो.

तेवढ्यात जीप आली. मोठे साहेब आणि झुंबरशेठ. साहेब उन्हाला वैतागलेले, छत्री उघडून, खड्डा दिसणार नाही इतके लांब उभे राहिले. "तो माणूस मेला तो खड्डा कुठला? त्याचं माप सांग."

टेपचं टोक घेऊन तानूबाई स्वतः आत उतरली. ठेंगणी बाई. तिचं डोकंही काठाखाली गेलं. तिने टोक तळाशी धरलं.

मी टेप वाचली.

पाच फूट.

"किती?" साहेब ओरडले.

पाच म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग खुंट छाटलास कशाला? आणि माणूस मेला कशाने?

तानूबाई खालून माझ्याकडे बघत होती.

"दोन फूट," मी म्हणालो.

हातातली टेप सैल पडली...

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मान हलवली. पदर कमरेला खोचला. खाली वाकून कुदळ उचलली.

त्या खड्ड्यात कुदळ नव्हती. मी शपथेवर सांगतो, नव्हती.

साहेब जीपकडे निघाले. मी त्यांच्या मागे. पाठीमागे सुरू झालं होतं. धप्प... धप्प... मी वळलो नाही. साहेबांना जीपमध्ये बसवून परत आलो, तेव्हा सगळं शांत होतं.

खड्डा दोन फूट खोल होता.

बरोबर दोन. तळाला कोरा, कडक मुरूम. त्यावर कुदळीचा एकही घाव नाही. खुंट दोन फुटांचा, वरून छाटलेला.

तानूबाई कुठेच नव्हती.

सुकदेवने खड्ड्यात उतरून जमिनीला कान लावला. उठून त्याने माझा हात धरला. "सर... खाली आहे ती. आवाज येतोय. पाच म्हणा, सर. आत्ता म्हणा!"

मी तोंड उघडलं.

तेवढ्यात जीप परत वळली. साहेबांची छत्री राहिली होती.

मी तोंड मिटलं.

"बाई गावी गेली असेल," झुंबरशेठ म्हणाला. कुणी जास्त विचारलं नाही. सुकदेवने त्याच दिवशी काम सोडलं. खड्डा खणून बघा, असं मी कुणालाही सांगितलं नाही. जूनमध्ये नाल्याला पाणी आलं आणि तलाव भरला.

१९९६ साली पाहणीच्या निमित्ताने मी पुन्हा तिथे गेलो. निमित्त कसलं, मी मुद्दाम मागून घेतली होती ती पाहणी. एक शब्द बोलायचा होता.

दुपारचे दोन. बांधावर उभा राहिलो. काठोकाठ पाणी. आजूबाजूला चिटपाखरू नाही. फक्त ड्रायव्हर भावेश शेजारी उभा. हा काय म्हणेल, असं मनात आलं. आठ वर्षांनंतरही मला लोकांचीच लाज वाटली.

आणि पायाखालचा बांध हादरला...

एक घाव. मग लगेच दुसरा. पुन्हा पहिला. आळीपाळीने घालतात तसे, दोघांचे.

"साहेब," भावेश म्हणाला, "इथे अजून खोदकाम चालू छे?"

"नाही," मी म्हणालो. "चल."

आता मी निवृत्त आहे. हे सगळं इथे लिहिलं, पण तिथे जाऊन मी अजूनही पाच म्हटलेलं नाही.