शुद्ध वाणाची बारावी पिढी

सन २०७१. डोंगरमाथ्यावरच्या बीजकोशाच्या काचघरात रानगव्हाची चाळीस रोपे उभी होती आणि प्रत्येक ओंबीवर कागदी पिशवी होती. परका पराग नको. नवी पिढी उगवली की मागचे बी जाळायचे, सरमिसळ नको. संचालक डॉ. प्रभंजन केळुसकरांनी ही शिस्त बारा पिढ्या पाळली होती. तिच्यासाठी त्यांना मानपत्रही मिळाले होते.

नव्या तांबेरा रोगाने देशभरचा गहू खाल्ला होता. त्याला दाद न देणारे हे रानगव्हाचे एकच गवत. त्याचे मूळ रान कधीच रस्त्याखाली गेलेले.

केळुसकरांनी दोन सोडून बाकीच्या ओंब्यांवरच्या पिशव्या काढल्या. ओंब्या पोकळ होत्या.

"मुळांची टोकं तपासलीस ना, हर्षदा?"

"दर पिढीला, सर. चौदा गुणसूत्रं, जास्तीचं एकही नाही," गुणसूत्रतज्ज्ञ हर्षदा नाडगौडा म्हणाली. "या वेळी परागकोशही पाहिले. तिथे जास्तीची दहा आहेत."

"मुळांमध्ये शून्य आणि इथे दहा?"

"आगंतुक गुणसूत्रं ती. रोप कोवळं असतानाच मुळांतून गळून जातात, परागात मात्र दुप्पट होतात. कामाला फिरकायचं नाही, पंगतीला घरच्यांना घेऊन यायचं."

"मग रानात हे गवत टिकलं कसं?"

"रानात ते वाऱ्यावर आलेल्या शेजाऱ्याच्या परागानं फळतं. शेजाऱ्याकडे आगंतुक नसले की संख्या निम्म्यावर येते. पिशवीत शेजारी कुठला? आई तीच, बाप तोच. आठाच्या वर गेली की रोप वांझ."

"आधी बोलायचंस की!"

"सातव्या पिढीला बोलले होते. एकदा पराग बघू या, म्हटलं. तुम्ही म्हणालात, गुणसूत्रं मुळांतच मोजतात, ही प्रयोगशाळा आहे, भिशी नव्हे."

केळुसकरांना ते आठवले. शब्दन् शब्द.

"दोन ओंब्या अजून फुलायच्यात," ती हळूच म्हणाली. "आगंतुक नसलेला पराग मिळाला, तर एखादा दाणा भरेल."

त्यांचा चेहरा उजळला. "कुंपणापाशी आहे ना! तिसऱ्या पिढीतल्या सांडलेल्या बियांतून उगवलेलं. इतकी वर्षं वाऱ्यावर फळतंय!"

"होतं, सर. सोमवारी तुम्हीच तण म्हणून फवारून घेतलंत. मानपत्राच्या समारंभाआधी."

केळुसकरांनी उरलेल्या दोन पिशव्या सोडल्या आणि बारा पिढ्यांत प्रथमच काचघराचे दार सताड उघडले.

छान वारा आत आला. त्याला तणनाशकाचा थोडासा वास होता.