रोटाचा चौथा वाटा

सव्वा मूठ गहू. पुन्हा सव्वा मूठ. बायका मनात मोजतात, मोठ्यानं नाही.

धुळ्यात एका डॉक्टरांच्या दाराला जानेवारीपासून कुलूप आहे. डॉक्टर वारले.

नियम अकरावा : आजारपणाचा भत्ता अर्जाच्या तारखेपासून नव्हे, पहिल्या डॉक्टरी दाखल्याच्या तारखेपासून मिळेल. अर्ज मात्र वर्षाच्या आत यावा.

सुरतेहून दोन वर्षांत एक ओळ नाही.

सॅनेटोरियममध्ये एक खाट. राखीव. ३१ मार्च १९५५ पर्यंत.

•

२८ मार्चच्या सकाळी पुष्पाबाई जळगावात रुपचंदच्या जिन्यावर बसून होती. रुपचंद पूर्वी वकिलाचा कारकून होता. आता लोकांच्या खासगी चौकशा करी. सोबतीला नथ्थू मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे शिक्षक. घाटावरचे. शरीरानं चपळ.

"मालकांना क्षय आहे," पुष्पाबाई म्हणाली. "गिरणीच्या निधीनं भत्ता मंजूर केला होता. आठ ऑगस्टपासूनचा, मागचा सगळा. त्यातूनच खाटेचं भागणार होतं. आता अडवलाय."

"अर्ज केव्हा केला?" मास्तरांनी विचारलं.

"या मार्चात."

"मार्चात अर्ज आणि पैसे ऑगस्टपासून? बाई, ही तर लबाडी झाली!"

"मास्तर, आजार अर्जाची वाट पाहत थांबतो का?" रुपचंद म्हणाला. "माणूस पडला ऑगस्टात. मग भत्ताही ऑगस्टापासून. पण अक्का, इतके महिने गप्प का राहिलात?"

"क्षय म्हटल्यावर विहिरीवर कोणी घागर टेकवू देत नाही, भाऊ. म्हणून तर नशिराबादहून थेट धुळ्याला गेले. पहाटेची एस.टी., एरंडोलवरून. रविवार होता. डॉक्टरांनी घरीच तपासलं, दाखला दिला. गावात आम्ही सांगितलं, मामाकडे गेलेत."

तिनं पदराची गाठ सोडून एक कागद काढला. तिच्या नवऱ्याविरुद्ध, जीवरामविरुद्ध आलेल्या निनावी पत्राची नक्कल. निधीचे चिटणीस बन्सीलाल यांनी दिलेली.

*आठ ऑगस्टला जीवराम धुळ्यात नव्हता. त्या दिवशी कानबाई होती. त्यांच्या घरी रोटाचे चार वाटे मोजले. जीवराम पाटावर बसून आपला वाटा खाताना मी डोळ्यांनी पाहिला. दाखला मेलेल्या डॉक्टरच्या नावानं मागाहून केला आहे.*

"अक्षर?"

"बाजारातल्या लिहिणाऱ्याचं. चार आण्यात कोणालाही लिहून देतो."

"हे वाटे म्हणजे काय?" मास्तरांनी विचारलं.

"नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसते. घरात जितके पुरुष, तितके वाटे. वाट्याला सव्वा मूठ गहू. शनिवारी मोजायचे, दळायचे. रविवारी त्या पिठाचे रोट, जाड पोळ्या. ते फक्त कुळातल्यांनी खायचे, दार लोटून."

"लग्न होऊन गेलेल्या मुलीनं?"

"नाही. ती दुसऱ्या कुळाची झाली."

ती उठली. दारात थांबली.

"भाऊ, हे पत्र आमच्या आबांपुढं वाचू नका."

आबा म्हणजे थोरला दीर, चुडामण. का, ते तिनं सांगितलं नाही. रुपचंदनंही विचारलं नाही.

•

तोताराम. शेजारी. त्याच गिरणीत, त्याच पिंजणखात्यात. मूळचा धुळ्याकडचा.

"माले काय इचारतस? दोन महिने मी बी खाटवर व्हतू. मन्हाजोडे वैद्यनी चिठ्ठी. निधीवाला म्हणे, वैद्यनी चालत नाही, डॉक्टरनी आण. आनि याले बठ्ठा मागला पैसा! खोकला तोच शे, भाऊ. फक्त कागद येगळा."

"म्हणून पत्र लिहिलंत?"

"लिहितू तर नाव टाकीसन लिहितू. मी काय कोनाले भितस?"

"रोटाच्या दिवशी जीवराम घरात होता?"

"आम्ही दुसरा कुळना. बंद दारमा काय दिसी?"

"त्या घरात पुरुष किती?"

"तीन. चुडामण आबा, त्यासना धाकला पोऱ्या आनि जीवराम. थोरला पोऱ्या भांडीसन सुरतले गया. आबा म्हनतस, तो माले मरी गया. त्यानं नाव घरमा काढू देत नहीत."

•

मंजुळाबाई. चुडामणची बायको, पुष्पाबाईची जाऊ. केळीच्या पानावर कुरडया वाळत घालत होती.

"तिचं नशीब मोठं!" ती म्हणाली. "रोगी माझ्या चुलीवरचं खातो, पथ्य मी करते, आणि पैसा येणार तिच्या हातात. सरकारदरबारी जावेला कोण विचारतं?"

"रविवारी जीवराम रोटाला होता?"

जावेला खाली पाडायचं तर एक 'हो' पुरे होता.

"नव्हता. कानबाई घरात बसलेली असताना खोटं बोलले नाही, आता काय बोलू? त्याचा वाटा मी झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी आल्यावर खाल्ला त्यानं."

"वाटे किती मोजले होते?"

"तीन," ती चटकन म्हणाली. हातातली कुरडई मोडली.

"मोजायला कोण होतं?"

"आम्ही दोघी जावा आणि नणंद. पुरुष तिथं फिरकत नाहीत."

मास्तर बाहेर आल्यावर कुजबुजले, "हीच ती. जळतेय नुसती."

"जळतेय खरी," रुपचंद म्हणाला.

•

भिकुबाई. जीवरामची थोरली बहीण. विधवा. मेहरूणला, तळ्याच्या अंगाला राहत होती. तिनं दोघांना चहा दिला, बशीत ओतून.

"माझा भाऊ आहे तो. त्याच्या वाइटावर मी कशाला येऊ? शनिवारी मीच तर गेले होते गहू निवडायला. त्याचा वाटा माझ्या हातानं वेगळा केला. ठणठणीत दिसला मला."

"आणि रविवारी?"

"शनिवारी दिवे लागायच्या आत परतले. इथं माझ्या सासरची कानबाई बसते ना."

"तुमचे मालक?"

"त्याच गिरणीत होते. त्याच खात्यात." तिनं कपबशी उचलली. "मला कोणी काही दिलं नाही. मी मागितलंही नाही."

•

तीस तारखेला दुपारी चुडामण केळीला पाणी धरायला गेल्याचं पाहूनच रुपचंदनं सगळ्यांना नशिराबादच्या ओट्यावर बसवलं. बन्सीलाल चिटणीस फाईल घेऊन आले होते. आत जीवराम खोकत होता.

"पत्रातला एक शब्द खरा आहे आणि एक खोटा," रुपचंद म्हणाला. "खरा शब्द चार. घरात पुरुष तीन, मग वाटे चार कसे? मंजुळाअक्का, आबा इथं नाहीत. चौथा वाटा सुरतेचा ना?"

मंजुळाबाईनं पदर तोंडाला लावला.

"आई आहे मी. वर्षातून सव्वा मूठ. तेवढंही मोजू नको?"

"मोजा. कोणी अडवत नाही. पण म्हणजे चार हा आकडा जगात तिघींनाच ठाऊक होता. तोतारामभाऊ सुटले, ते तीनच सांगतात, सगळं गाव तीनच सांगतं."

"मग मंजुळाबाईच!" मास्तर म्हणाले.

"नवऱ्यापासून लपवलेली गोष्ट ती पत्रात घालेल? पत्र आबांपुढं वाचलं जाणार, हे तिला कळत नव्हतं? शिवाय जाऊ खोटी ठरावी असं वाटत असताना तिनं सांगितलं, जीवराम नव्हता. चिटणीस, हेवा करणाऱ्यानं दिलेली साक्ष आहे ही. याहून पक्की कुठली हवी?"

बन्सीलालनी मान डोलावली.

"आता खोटा शब्द. 'डोळ्यांनी पाहिला.' रविवारी दाराआड असणाऱ्यांना माहीत होतं की जीवरामचा पाट रिकामा आहे. लिहिणाऱ्याला ते माहीत नव्हतं. त्याला शनिवार ठाऊक होता, रविवार नव्हता. वाटा मोजला म्हणजे खाल्लाच असणार, असं धरून त्यानं लिहिलं. शनिवारी मोजायला होती आणि रविवारी घरात नव्हती, अशी एकच."

कोणी भिकुबाईकडे पाहिलं नाही. तिनंच मान वर केली.

"हो. मी."

"वन्सं?" पुष्पाबाई म्हणाली.

"तू बोलू नको! तुझ्या नवऱ्याचा खोकला तो खोकला, आणि माझ्या धन्याचा? त्याच कापसाची धूळ. मी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. माझ्याकडंही दाखला होता, शिक्क्याचा. पेटीत आहे अजून. तुला बसल्या जागी मागचं सगळं मिळणार म्हणून ऐकलं, आणि बाजारात जाऊन पत्र लिहून घेतलं. भाऊ मरावा असं नव्हतं वाटलं. तुझं कुंकू राहावं आणि पैसाही यावा, दोन्ही, हे बघवलं नाही."

आतून जीवरामचा आवाज आला, "भिकुअक्का रडतेय का? पाणी द्या तिला."

पाणी मंजुळाबाईनं आणलं.

बन्सीलालनी फाईल मांडीवर उघडली, निनावी पत्रावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं : *मंजूर. दि. ८ ऑगस्ट १९५४ पासून.* मग त्यांनी टाक खाली ठेवला आणि भिकुबाईला विचारलं, "तुमच्या दाखल्यावर तारीख काय आहे, बाई?"

तिला ती पाठ होती.

जीवराम एकतीस तारखेला दुपारी खाटेवर पोचला.

निधी सुरू झाला १ एप्रिल १९५० रोजी. भिकुबाईचा नवरा अभिमन १३ मार्च १९५० रोजी वारला.