मिनिटाला तीन

ही गोष्ट खरी आहे.

ऐकीव नाही, रचलेली नाही. माझ्या स्वतःच्या घरात घडलेली आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी शपथा घेत बसणार नाही. मी सव्वीस वर्षं कोळशाच्या खाणीवर गॅस मोजायचं काम केलं. पुरुष जमिनीखाली राबायचे आणि मी वर एका खोलीत पडद्यावरचे आकडे बघायची. आकडा चढला की फोन उचलायचा आणि माणसं बाहेर काढायची. भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई त्या खुर्चीत आठवडाभरही टिकली नसती.

तारीख एक नोव्हेंबर. दुपारचे साडेचार. ठिकाण, पोलंडमधलं आमचं रिब्निक.

त्या दिवशी आपापल्या मृतांच्या कबरींवर दिवे लावायला अख्खं शहर कबरस्तानात असतं. मीसुद्धा होते. अंधार पडत चालला होता. नवऱ्याच्या कबरीवरची पानं झाडून मी दिवा लावत होते.

आणि फोन वाजला...

पण आधी त्या यंत्राचं सांगायला हवं.

माझा नवरा एर्विन. तीस वर्षं खाणीत होता. कोळशाची धूळ छातीत बसली आणि फुप्फुसं गेली. शेवटी डॉक्टर म्हणाले, चाळीस टक्केच चालतायत. आमच्याकडे हिवाळ्यात घराघरांतून कोळसा जळतो. बाहेरची हवा अशी, की खिडकी उघडण्याआधी लोक फोनवर हवेचा आकडा बघतात. एर्विनला तर त्या हवेचा एक घोटही सोसायचा नाही. म्हणून मी झोपायच्या खोलीची खिडकी चिकटपट्टीनं बंद केली. फटींत कापूस कोंबला. तीन हिवाळे ती उघडली नाही.

तरी गेल्या वर्षी सोळा जानेवारीला तो गेलाच.

मी एकटी राहिले. मुलगी सबीना नॉर्वेला. रोज फोन करते आणि रोज तेच विचारते. जेवलीस का, झोपलीस का.

ऑक्टोबरमध्ये माझं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठले की जड.

"आई, हवा तपासायचं यंत्र घे," सबीना म्हणाली.

"सव्वीस वर्षं यंत्रंच बघितली. आता घरात कशाला?"

"घे म्हणते ना. माझ्या फोनवरही दिसेल. तेवढाच माझ्या जिवाला आराम."

मग मी दिर्दासाहेबांच्या दुकानात गेले. माणूस बडबड्या, पण खोटं बोलत नाही. त्यांनी तीन यंत्रं काचेवर मांडली.

पहिल्यावर हसरा चेहरा होता. हवा चांगली असली की हसतो, वाईट झाली की रडतो. मी त्यावर पाच-सहा वेळा जोरात श्वास सोडला. तो आपला हसतोच आहे.

"हे खाणीत लावलं असतं," मी म्हटलं, "तर सगळे हसत हसत मेले असते."

"गिझेलाबाई, ते अंदाजपंचे चालतं. तुमच्यासाठी नाही ते." त्यांनी दुसरं पुढे सरकवलं. "हे धूळ मोजतं. पण तुमच्या खिडक्या बंद. धूळ येणार कुठून? तुमचं डोकं दुखतं ते तुमच्याच श्वासानं. कोंडलेल्या खोलीत माणूस आपलाच श्वास पुन्हा पुन्हा घेत राहतो. हे तिसरं घ्या. हे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतं. खरं मोजतं, अंदाज नाही."

त्यावरही मी श्वास सोडला. आकडा टणकन उडाला. किंमत ऐकून माझे डोळे पांढरे झाले, पण यंत्र पसंत पडलं.

"खोलीत किती जण झोपतात?" त्यांनी सहज विचारलं.

"एकटीच."

त्यांनी पावतीपुस्तक पुढे ओढलं. मग म्हणाले, "बरं. एक जण."

यंत्र मी एर्विनच्या बाजूच्या टेबलावर ठेवलं. पहिल्याच दिवशी, जुनी सवय म्हणून, माप घेतलं. आधी दार उघडं ठेवून स्वयंपाकघराच्या खिडकीतून हवा खेळवली. मग दार लावून तासभर खुर्चीत बसले.

आकडा चढत होता मिनिटाला दहा.

एका माणसाला जास्त वाटलं मला. पण खोली लहान, खिडकी बंद. असेल, म्हटलं. आणि विसरले.

तर त्या दिवशी कबरस्तानात फोन वाजला. सबीना होती.

"आई..." तिचा आवाज मिश्कील होता. "घरी कोण आलंय गं?"

"कुणी नाही."

"लपवू नकोस. आकडा चढतोय तुझ्या खोलीत. कुणी मित्र-बित्र केलास की काय? मी रागावणार नाही हं."

"सबीना, मी तुझ्या बाबाच्या कबरीपाशी उभी आहे."



"आई, मग खोलीत श्वास कोण घेतंय?"



चोर असेल, असं मनाला बजावत घरी गेले. कुलूप जसंच्या तसं होतं. आत कोणी नाही. पलंगावरची चादर सरळ.

आकडा मात्र एक हजार नव्वद. दुपारी मी निघाले तेव्हा पाचशे होता.

दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन दुकानात गेले. "बिघडलंय," म्हटलं. दिर्दासाहेबांनी तपासलं, चांगलं होतं. तरी मी दुसऱ्या कंपनीचं आणखी एक घेतलं. एक यंत्र चुकू शकतं. दोन यंत्रं एकच चूक करत नाहीत, हे आमच्या कामात पहिल्याच दिवशी शिकवतात.

दोन्ही यंत्रं खोलीत ठेवली. दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि वरच्या मजल्यावर फ्रीदाबाईंकडे गेले. त्या ऐंशीच्या आहेत. एकट्याच असतात. तीन तास त्यांच्याकडे बसून कॉफी प्यायले आणि खसखशीचा केक खाल्ला. त्या काय बोलत होत्या यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

खाली आले. कुलूप उघडलं.

दोन्ही यंत्रांवर एकच रेघ. सरळ चढत गेलेली.

मिनिटाला तीन.

मग धुराडं साफ करणाऱ्याला बोलावलं. खालच्यांच्या शेगडीचा धूर भिंतीतून येत असेल, एवढी एकच शक्यता उरली होती. त्यानं सगळं तपासलं. खिडकीवरची चिकटपट्टी बघून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"बाई, ही खोली आहे की लोणच्याची बरणी?"

"गळती आहे का ते सांगा."

"मुंगीला शिरायला जागा नाही, गळती कुठली!"

तो गेल्यावर मी खोलीबाहेर जमिनीवरच बसले. मनात हिशेब आपोआप झाला. खोलीत मी असताना दहा. रिकामी असताना तीन. म्हणजे माझे सात.

सातातले तीन म्हणजे निम्म्याहून कमी.

चाळीस टक्के...

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आठ दिवस मी स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपले.

नवव्या दिवशी परत खोलीत गेले. का ते खरं सांगते. स्वयंपाकघरात फार एकटं वाटत होतं.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मी सबीनाला कधी सांगितलं नाही. यंत्र खराब आहे, असं सांगून तिच्या फोनवरून ते काढायला लावलं. मी आपली आकडा बघत बसायची. चढला तर दार किलकिलं करून उतरवायची. संध्याकाळी सूप घेऊन तिथेच बसायची. त्याच्याशी बोलायची. उत्तर यायचं नाही. पण जिवंत असतानाही तो कुठे उत्तर द्यायचा! एका रविवारी मी रेडिओवर त्याच्या आवडत्या संघाची मॅच लावली.

मिनिटाला चार.

मी हसले. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

डिसेंबरमध्ये मला ताप भरला. दोन दिवस स्वयंपाकघरातून उठताच आलं नाही. खोलीचं दार बंदच राहिलं. तिसऱ्या दिवशी भिंत धरत धरत गेले. आकडा चार हजारांच्या वर गेला होता.

आणि वेग कमी झाला होता.

मिनिटाला दोन...

थोड्या वेळानं एक...

मी ही उतरती रेघ ओळखत होते. जानेवारीत पलंगाशेजारी बसून, त्याच्या छातीवर हात ठेवून, मी हेच मोजलं होतं.

दार धाडकन उघडलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडली. टॉवेलनं वारा घालत राहिले, अंगात ताप असताना. अर्ध्या तासानं परत तीन.

त्या दिवशी मी फ्रीदाबाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, म्हातारी मला वेड्यात काढेल.

त्या घाबरल्यासुद्धा नाहीत.

"गिझेला, तो गेला तेव्हा मी तिथे होते. आठवतंय?"

"हो."

"माणूस गेला की खिडकी उघडतात. आत्म्याला वाट द्यायची असते. माझ्या आईनं उघडली, तिच्या आईनं उघडली. मी त्या दिवशी पट्टी काढायला हात घातला आणि तू माझ्या हातावर फटका मारलास."

मला आठवलं. सोळा जानेवारी. बाहेर पिवळा धूर. मी फ्रीदाबाईंवर ओरडले होते, "बाहेरची हवा बघितलीत का? खोकेल ना तो!"

तेव्हा त्याला जाऊन वीस मिनिटं झाली होती.

"तो अडकलाय गं," फ्रीदाबाई हळू म्हणाल्या. "सोड त्याला. तिथे तो पुन्हा पुन्हा गुदमरतोय आणि तू पहारा देतेस."

"हवा चांगली असेल त्या दिवशी उघडीन."

"मेलेल्या माणसाला हवेचं काय?"

"मला फरक पडतो," मी म्हटलं.

डिसेंबर गेला. जानेवारी गेला. हवा वाईटच होती, आणि ती वाईट होती म्हणून मला रोज बरं वाटत होतं. रोज सकाळी फोनवर लाल आकडा बघितला की मी सुटकेचा श्वास टाकायची.

नऊ मार्चला जोराचा वारा सुटला. दुपारी आकाश निळंभोर झालं. फोनवरचा आकडा हिरवा.

फ्रीदाबाई जिन्यावरूनच ओरडल्या, "गिझेला! आज उघड!"

आता सबब उरली नव्हती.

मी खोलीत गेले. दार लावलं. त्याला म्हटलं, "एर्विन, आज बाहेरची हवा छान आहे." सुरीनं पट्टी कापली. कापूस उपसला. यंत्र खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, आकडा दिसावा म्हणून. तेराशे चाळीस. तेराशे पन्नास. तेराशे साठ. आम्हा दोघांचे मिनिटाला दहा.

मी कडीवर हात ठेवला.

तेराशे सदुसष्ट...

मी थांबले. मिनिटभर वाट बघितली.

तेराशे चौऱ्याहत्तर...

तेराशे एक्याऐंशी...

मिनिटाला सात.

फक्त माझे.

त्यानं श्वास रोखून धरला होता.

सहा मिनिटं मी तशीच उभी होते. सहा मिनिटं कोणी श्वास रोखू शकत नाही. जिवंत माणूस तरी नाही. त्या सहा मिनिटांत खोलीत मी एकटी होते. खरीखुरी एकटी. पलंग रिकामा, खुर्ची रिकामी, माझ्याच श्वासाचा आवाज माझ्याच कानात. तो गेल्यापासून मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. भुताची नाही. ते तिथे नसण्याची.

त्यानं श्वास का रोखला, हे मला कळलं नाही. आता सुटणार म्हणून? की मी उघडू नये म्हणून? दोन्हीचा आकडा एकच दिसतो.

मी कडीवरून हात काढला.

चौदाशे दोन झाले होते. मग चौदाशे बारा... चौदाशे बावीस...

कापूस परत भरला. नवी पट्टी लावली. जिन्यावर फ्रीदाबाई वाट बघत होत्या.

"उघडलीस?"

"उघडली."

"आणि?"

"गेला," मी म्हटलं. त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि मला जवळ घेतलं. मी रडले, तेव्हा त्यांना वाटलं, नवऱ्यासाठी रडते आहे.

आज एप्रिलची बावीस तारीख. लोकांनी शेगड्या बंद केल्यात. रोज हवा स्वच्छ असते. समोरच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या आहेत. सबीना नॉर्वेला बोलावते आहे, निदान आठवडाभर तरी ये म्हणते. माझे गुडघे दुखतात असं तिला सांगितलंय. आठवडाभर दार कोण उघडणार?

हे मी त्याच खोलीत बसून लिहिते आहे. त्याला विचारलं मी. कितीतरी वेळा विचारलं. उघडू का, एर्विन?

प्रत्येक वेळी तो श्वास रोखतो.

आणि प्रत्येक वेळी मी लगेच म्हणते, बरं, बरं, राहू दे. आज नको.