चंद्राला ओवाळणारी बहीण

तबकात सुपारी, अंगठी, अक्षता, तेवतं निरांजन... सगळं सिद्ध झालं आणि कुमुदताई प्रकाशच्या समोरून, त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता, चंद्र शोधायला कॉरिडॉरमध्ये निघून गेली!

जिला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, हे ठीकच. पण भाऊ नवा झब्बा घालून सोफ्यावर बसलेला असताना चंद्राला ओवाळावं ते कुमुदताईनेच. लहानपणी रत्नागिरीच्या अंगणात तेच, आणि आता परदेशात, जुरोंग ईस्टला लेकाच्या, यशच्या फ्लॅटवरही तेच. सत्तरी कधीच उलटलेला प्रकाश मात्र दर भाऊबीजेला येऊन बसायचा. चिवट माणूस!

कारण जुनं होतं. त्यांचे अण्णा, रघुवीर, बोटीवर इंजिनखान्यात कामाला. एकदा सायगावहून परतले ते घाऱ्या डोळ्यांचं तान्हं पोर छातीशी धरूनच. "माझंच आहे," एवढंच बोलले. कुमुदच्या आईने त्या दिवसापासून नवऱ्याशी अबोला धरला तो मरेपर्यंत, आणि कुमुदने तर बापाचं तोंड शेवटचंसुद्धा पाहिलं नाही. आईचा संसार ज्याच्यापायी जळला त्याला ओवाळायचं? त्याला ती आजही परक्यासारखं अहो-जाहो करी.

आज मात्र प्रकाशचा जीव थाऱ्यावर नव्हता. येताना एमआरटीच्या गाडीत जागा मिळूनसुद्धा तो सारखा उठत-बसत होता... त्याच्या नातीने, किमयाने, घराण्याचा इतिहास काढायच्या हौसेने त्याची आणि यशची थुंकी तपासायला पाठवली होती. "कन्फर्म लाह, आजोबा. तुम्ही आणि यशकाका, नो मॅच," ती इथल्या बोलीत म्हणाली, आणि त्याच्या पायांखालची जमीनच सरकली. त्याचं नातं जुळलं ते फ्रान्समधल्या एका म्हाताऱ्याशी! त्या म्हाताऱ्याचा काका, यान, सायगावला फ्रेंच फौजेत शिपाई होता. त्याची तिथली बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ तोही मारला गेला, आणि पोरकं बाळ एका हिंदी बोटवाल्याने उचलून नेलं, असं यानच्या सोबत्याने घरी येऊन सांगितलं होतं.

म्हणजे अण्णा निष्कलंक होते! पण हे ताईला सांगायचं म्हणजे 'सावत्र का होईना, भाऊ' हा उरलासुरला हक्कही आपल्याच हाताने सोडायचा... आणि न सांगावं, तर त्या देवमाणसावरचा डाग तसाच राहणार.

तो उठून बाहेर आला. समोरच्या ब्लॉकवर नुसते ढग दाटले होते, चंद्राचा पत्ता नव्हता.

"ताई, एक सांगायचंय."

"आधी ओवाळून होऊ द्या."

"मग धीर व्हायचा नाही मला. अण्णांनी आईला फसवलं नव्हतं गं... मी त्यांचा मुलगाच नाही."

त्याने सगळं सांगितलं आणि फोन पुढे केला. गणवेशातला एक कोवळा शिपाई प्रकाशच्याच घाऱ्या डोळ्यांनी पाहत होता. कुमुदताईने त्या डोळ्यांकडे आणि मग प्रकाशकडे पाहिलं.

"मग 'माझंच' का म्हणाले ते?"

"अनाथ म्हटलं असतं तर घरच्यांनी मला आश्रमात टाकलं असतं. पोटचं म्हटल्यावर कसं टाकणार?"

"आईला तरी सांगायचं..."

"आईने पुन्हा त्यांचं ऐकून कुठे घेतलं?" त्याने फोन खिशात ठेवला. "येतो मी. आता खरंच तुझा कुणी नाही. चंद्र निघाला की ओवाळ खुशाल."

तो लिफ्टकडे वळला.

"मी त्यांना शेवटचं पाणीसुद्धा पाजलं नाही रे..." ताईचा इतक्या वर्षांचा बांध फुटला होता. "थांब, कुठे निघालास? पोटची लेक तुटली, तरी अण्णांनी तुला टाकलं नाही... मी टाकू? चल आत. पाटावर बस."

यशने घाईघाईने पाट मांडला. ताईने भरल्या डोळ्यांनी लावलेलं कुंकू नाकावर सांडलं. निरांजनाची ऊब तोंडावर आली तसा प्रकाश बावचळून खिसे चाचपू लागला. दर वर्षी तो ओवाळणी खिशात घेऊन यायचा आणि तशीच परत न्यायचा. आज ती घरीच ठेवून आला होता.

"ताई, तबकात घालायला काही नाही गं..."

"आहे की," डोळे पुसत ती म्हणाली. "माझे अण्णा परत आणलेस तू."