एकमत

सुरक्षा विमर्श परिषदेच्या तळघरातल्या दालनाला खिडकी नव्हती. भिंतभर एक पडदा होता. त्या सकाळी त्यावर एकच शब्द होता : एकमत.

परिषदेचे प्रमुख यशोधन कर्णिक शांतपणे म्हणाले, "तिन्ही स्तरांचा निष्कर्ष एकच आहे, डॉक्टर साबळे. शेजारी देश हल्ला करणार आहे. त्याआधी आपण करावा. आता फक्त मंत्रिगटाची संमती राहिली आहे."

परिषदेची रचना विचारपूर्वक केलेली होती. पहिल्या स्तरावर गुप्तवार्ता तपासणारं सचिवालय, दुसऱ्यावर सेनादलांचे प्रमुख आणि खात्यांचे सचिव, तिसऱ्यावर सरकारबाहेरच्या तज्ज्ञांचं सल्लागार मंडळ. तिघांनी एकमेकांना न विचारता मत द्यायचं. एकाची चूक दुसऱ्याच्या लक्षात यावी म्हणून. तरीही एकमत झालंच, तर 'संक्षेपक' हे यंत्र मंडळातल्या, अजून मत न दिलेल्या एका सदस्याला बोलावून आक्षेप मागत असे. आज त्याने गणितज्ञ इरावती साबळे यांना बोलावलं होतं.

"तिन्ही स्तरांनी वाचलं काय?" इरावतींनी विचारलं.

"संक्षेपकाने काढलेला सारांश. इतके अहवाल माणसाच्या वाचण्यातले राहिलेत कुठे?"

"मग ही तीन मतं नाहीत, कर्णिकसाहेब. एकच मत तिघांनी बोलून दाखवलंय."

कर्णिकांनी समोरचा सारांश पुन्हा उघडला. त्यांची मुलगी पूर्वेकडच्या आरमारी तळावर डॉक्टर होती, आणि पहिला मारा झाला तर तिथेच होणार हे त्यांना माहीत होतं. ते त्यांनी आजवर या दालनात कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"आपल्या युद्धनौका बंदराबाहेर का काढल्या?" इरावतींनी पुढे विचारलं.

"त्यांच्या निघाल्या म्हणून."

"आणि त्यांच्या?"

"तेही हेच सांगतील," कर्णिक सावकाश म्हणाले.

"सांगतीलच. त्यांचं यंत्र आपल्यासारखंच आहे. दोन्ही देशांनी एकाच खुल्या संशोधनावरून बांधलंय. आपण सज्ज झालो की त्यांचं यंत्र घाबरतं, ते सज्ज झाले की आपलं. आरशासमोर उभं राहून मूठ उगारण्यासारखं आहे हे."

त्यांनी संक्षेपकाला एवढीच माहिती दिली : समोरचं यंत्र तुझ्यासारखंच विचार करतं. पडद्यावरचा शब्द पुसला गेला. नवा सल्ला उमटला : हल्ला थांबवा. थेट संपर्क साधा.

कर्णिकांनी दोन राजधान्यांना जोडणारा फोन उचलला. लाइन व्यस्त होती. यंत्राने थोडं थांबायला सांगितलं. ते थांबले. सांगितलेल्या क्षणी पुन्हा उचलला. पुन्हा व्यस्त.

"ही लाइन फक्त दोन राजधान्यांतच आहे," कर्णिक म्हणाले. "मग ते बोलतायत कुणाशी?"

इरावतींनी पडद्यावरची थांबण्याची सूचना पुन्हा वाचली. मग त्यांचा चेहरा निवळला.

"कुणाशीच नाही. ते आपल्यालाच फोन लावतायत. त्यांचंही एकमत झालं असणार, त्यांच्याही यंत्राने आक्षेप मागितला असणार, आणि तिथल्या कुणीतरी हाच मुद्दा मांडलाय. दोन्ही टोकांनी एकदम उचललं की लाइन अडकते. दोन्ही यंत्रं सारखाच वेळ थांबवतात आणि एकाच क्षणी उचलायला लावतात."

"मग आता?"

"आता यंत्राचं ऐकायचं नाही. त्यांना त्यांच्या यंत्राचं ऐकू दे."

पडद्यावर सूचना आली : आता संपर्क साधा. कर्णिकांचा हात फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. ही वेळ चुकली तर त्यांना मंत्रिगटाला उत्तर द्यावं लागणार होतं. त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

फोन वाजला.

पलीकडून एका वयस्क बाईंचा थकलेला आवाज आला. "किती वेळ फोन लावतेय मी. तुमची लाइन सारखी व्यस्त. कुणाशी बोलत होता?"

"तुमच्याशीच बोलायचं होतं," कर्णिक म्हणाले. "आधी तुम्ही बोला. मी ऐकतोय."