मनगटाचं तापमान

थर्मामीटर तपासणं हे माझं काम. दवाखान्यांतून, शीतगृहांतून, बेकऱ्यांतून ते आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि कुठला खरं बोलतो, कुठला थापा मारतो, हे मी सांगतो. त्यामुळे बायकोने जुन्या बाजारातून ते डिजिटल घड्याळ उचलून आणलं तेव्हा मी नाक मुरडलं. चौकोनी, जाडजूड, कडेला बटणं. एक दाबलं की टीचभर मासा पडदा ओलांडून जायचा; कशासाठी, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. दुसऱ्याने एक धून वाजायची आणि मध्येच अडखळायची. तिसरं दाबलं की तापमान दिसायचं.

ते नेहमी चुकायचं. चुकणारच. सेन्सर घड्याळाच्या पोटात, घड्याळ मनगटावर. खोलीची हवा मोजायची सोडून ते हिचंच अंग मोजत बसायचं.

“काढून टेबलावर ठेव, जरा वेळ जाऊ दे, मग बघ,” मी सांगायचो.

“मग घालू कशाला? टेबलालाच बांधते की,” ती म्हणायची. आणि भर थंडीत हाक मारायची, “अहो, तेहतीस आहे, स्वेटर काढा!” स्वतःच्या अंगात दोन स्वेटर घालून माझी अशी टर उडवायची. थंडीला इतकी भिणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

ती गेली. आजार लांबला नाही, एवढंच काय ते बरं. दवाखान्याने तिच्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या: चष्मा, कानातलं, घड्याळ. मुलगी काही दिवस राहून तिच्या गावी परतली, आणि घर खायला उठलं.

घड्याळ मी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं होतं. एका सकाळी चहा गाळता गाळता सहज ते तिसरं बटण दाबलं. तेहतीस. खिडकीच्या काचेवर वाफ साचली होती, खोलीत फार तर सोळा अंश असतील. घड्याळाची पाठ हाताला गार लागत होती.

सेन्सर गेला, म्हटलं. असे रोज बघतो. पण बिघडलेला थर्मामीटर एक तर एका आकड्यावर अडून बसतो, नाही तर वाटेल तशा उड्या मारतो. हा तसं करत नव्हता. संध्याकाळी, ती गच्चीत जाऊन उभी राहायची त्या सुमारास, आकडा एक-दोन अंशांनी उतरायचा. मी शेगडी पेटवली की चढायचा, घड्याळ आतल्या खोलीत असलं तरी. झोपायच्या वेळी हळूहळू वाढून स्थिर व्हायचा. पांघरुणात शिरल्यावर माणसाचं होतं तसंच.

मुलीला फोनवर सांगितलं.

“बाबा, बॅटरी संपत आली असेल.”

“असेल,” मी म्हटलं. बॅटरी मी नवी घातली होती, पण ते बोललो नाही.

मी वेळेवर जेवू लागलो. शेगडी उगाचच जास्त वेळ पेटती ठेवू लागलो. ओळखीच्यांना वाटलं, गडी सावरला. खरं तर मी सुखात होतो आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती.

मग माझीच खोड मला नडली. आमच्याकडे कुठल्याही थर्मामीटरवर विश्वास टाकण्याआधी त्याला शून्यात बुडवतात. बर्फ ठेचायचा, थर्मासमध्ये पाण्यात कालवायचा आणि त्यात थर्मामीटर सोडायचा. मला तिला खोटं पाडायचं नव्हतं, उलट खात्री हवी होती. बर्फातही तेहतीस टिकलं, तर मनातली शंका कायमची मिटणार होती.

दुपारी प्रयोगशाळेतले सगळे जेवायला गेले तेव्हा घड्याळ पातळ पिशवीत बांधून मी बर्फात सोडलं.

तेहतीस.

थोडा वेळ तसंच. माझे डोळे भरून आले. मग आकडा थरथरू लागला. बत्तीस, तेहतीस, बत्तीस, एकतीस, बत्तीस. इतक्या भराभर बदलणारा सेन्सर त्या घड्याळात असणंच शक्य नव्हतं.

ती कुडकुडत होती.

मी हात घालून घड्याळ बाहेर ओढलं. पिशवी दातांनी फाडली. पुसलं, त्यावर तोंडाची वाफ सोडली, शर्टाच्या आत छातीशी धरलं. आकडा उतरतच गेला. वीस. बारा. चारवर थांबला.

शवागारातले थर्मामीटरही आमच्याकडेच तपासायला येतात. त्यांनी किती दाखवायला हवं, हे मला कुणी सांगावं लागत नाही.

दोन स्वेटरांत जिची थंडी जात नव्हती, तिला मी बर्फात घातलं होतं. खातरजमा करायला. मी तिथेच स्टुलावर बसून मोठ्याने रडलो. आणि तापमान बघायचं तर घालू नकोस, असं जे तिला जन्मभर सांगत आलो, त्याच्या नेमकं उलट केलं. घड्याळ मनगटावर बांधलं.

संध्याकाळपर्यंत पाच झालं. मग रोज थोडं थोडं वाढत गेलं. माझा डावा हात मात्र गार पडत गेला: आधी घड्याळाखालचा भाग, मग पंजा, मग कोपरापर्यंत. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून त्वचेवर खात्रीचा थर्मामीटर लावून पाहिला. त्याने खोलीचं तापमान दाखवलं. दुखत काही नव्हतं. शर्टाची बटणं तेवढी एका हाताने लावावी लागायची.

आज मुलगी आली. दारातच तिने माझा हात हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

“बाबा, हे काय?”

“थंडी आहे ना बाहेर.”

“नाही. आईचा हात शेवटी असाच लागला होता मला.” तिने घड्याळाचं बक्कल चाचपलं. “काढा हे.”

“राहू दे गं. आत्ता कुठे तिला ऊब मिळायला लागलीय.”

ती रडायला लागली. भांडली नाही. दोन्ही हातांनी माझं मनगट घड्याळासकट धरलं आणि चोळू लागली. मी सवयीने बटण दाबलं.

एकोणीस होतं. बघता बघता तेवीस झालं. सव्वीस. इतकं भरभर ते कधीच चढलं नव्हतं. मला हसू फुटलं.

“बाबा,” मुलगी हळूच म्हणाली, “माझी बोटं मला जाणवत नाहीत.”

मी हात ओढून घ्यायला हवा होता. पडद्यावर तीस होतं. आता तीनच अंश राहिले होते.